शेवंताकाकू न बोललेलं वाक्य

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज सांगतोय, कारण महिनाभर डोकं तापलंय. कुणावर? ऐका, मग कळेल.

मागच्या महिन्यात बारामतीत माझा सत्कार झाला. जुन्या वर्तमानपत्रांतली बोलीभाषा, असा काहीतरी कार्यक्रम होता. मी इंदापूर तालुक्याचा वार्ताहर होतो, माझ्या बातम्यांत गावाकडची माणसं त्यांच्याच बोलीत बोलायची, म्हणून शाल आणि नारळ. बोलीचं जतन केलं म्हणे मी! जतन? माझं कपाळ!

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माझ्या एका बातमीतलं वाक्य डोळे वटारून, हेल काढून वाचलं. "आमी बाया काय घुबडं हाय व्हय, अंधारातच भायेर निगायला?" सभागृह खो खो हसलं. मीही हसलो – हात जोडून.

ते वाक्य बावड्याच्या शेवंताकाकूंच्या नावावर आहे. बावडा माझंही गाव. काकू शेजारच्या, आई रानात गेली की मला त्यांच्याच घरी भाकरी मिळायची. तेव्हा गावात बायकांसाठी संडास नव्हता. ग्रामसभेत बायका आल्याच तर मागे भिंतीला टेकून गप्प बसायच्या. त्या दिवशी काकू उठल्या आणि सरळ संडासाची मागणी केली. आवाज जराही चढवला नाही. आणि कुणीही हसलं नाही – हे लक्षात ठेवा. "बघू की काकू, गाव काय कुठं पळून चाललंय व्हय?" एवढंच सरपंच म्हणाले.

बातमीत मी सरपंचांच्या तोंडी काय घातलं? 'महिलांच्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल.' दोघांची बोली एकच. माझ्या घरातलीही तीच. पण खुर्चीवरच्या माणसाला मी इस्त्रीचे कपडे चढवले, आणि काकूंना – काकूंना नाचवलं. का? पुण्याच्या कार्यालयात मला सगळे 'गावाकडचा' म्हणायचे, आणि त्यांना हसवलं की माझी बातमी चौकटीत यायची. एवढ्यासाठी!

अजून मी खरं सांगितलेलंच नाही. बघा, आताही आडवळणानं चाललोय.

ते वाक्य काकू बोलल्याच नव्हत्या. घुबड माझं. एसटीत बसल्या बसल्या सुचलं, आणि मी स्वतःवरच खूश झालो.

बातमी तालुकाभर गाजली. चहाच्या टपऱ्यांवर लोक मोठ्यानं वाचून दाखवायचे. काकू रस्त्यानं निघाल्या की पोरं मागून घुबडासारखी ओरडायची. घुबडकाकू! संडासाचं काय झालं? गेलं हसण्यावारी. पुढच्या ग्रामसभेला एकही बाई आली नाही. "नगं बाई, पेपरात यील," म्हणायच्या. संडास बांधला तो कितीतरी वर्षांनी. तोवर बायका रोज संध्याकाळी अंधाराची वाट बघत राहिल्या, आणि मी बातम्या पाठवत राहिलो.

काकूंना वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवल्यावर त्यांनी मला वाटेत गाठलं. "आरं दत्ता, आसं मी कवा म्हनले?"

मी म्हणालो, "काकू, ते वर संपादकांनी बदललं." संपादकांनी एक अक्षर बदललं नव्हतं.

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तूच." आणि घरी नेऊन चहा पाजला. मी प्यायलो. बशीत ओतून, फुंकर घालून, सगळा प्यायलो.

काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सत्काराला उत्तर द्यायला माईक माझ्या हातात दिला, तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं. मी काय केलं? बोलीच्या गोडव्यावर बोललो. टाळ्या घेतल्या. ती मुलगी पाया पडली, आणि मी निर्लज्जासारखा तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ग्रामसभेत काकू खरं काय म्हणाल्या होत्या, ते मला शब्दन् शब्द आठवतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी ते बातमीत घेतलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, "अंधार पडूस्तवर जाता येत न्हाय, म्हनून आमी बाया दिसभर पानी पीत न्हाय."