मॅडमला पुढे करा

रायपूरच्या गोल बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानासमोर दुकानदार आमच्या मजुराला पळीनं बडवत होता, त्या दिवशी मी पहिल्यांदा पुढे झाले. दिवाळी तोंडावर आली होती. दुकानाच्या दारात आम्ही केबलसाठी चर खणून ठेवलेला, आणि त्यात एक गिऱ्हाईक बाई पिशवीसकट पडलेली. दुकानदाराचं डोकं फिरणं साहजिकच होतं. पळी पंगतीत वरण वाढायची, चांगली हातभर, आणि तो ती मजुराच्या पाठीवर धुणं आपटल्यासारखी आपटत होता. शेजारचे दुकानदारही येऊन हात धुऊन घेत होते. आमचा सुपरवायझर, ज्याला सगळे नुसतं भैया म्हणायचे, माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, आप आगे हो जाइए. लेडीज पर कोई हाथ नहीं उठाएगा."

मी नोकरीला नवी होते. केसाएवढ्या काचेच्या तारा एकमेकींना जोडणं, जमिनीखालची केबल नेमकी कुठे तुटली ते यंत्रावर बघून सांगणं, हे माझं काम. मारामारी सोडवणं मला कुणी शिकवलं नव्हतं. पण मी जन्माची तापट. मजुराच्या नाकातून रक्त आलेलं दिसलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी मध्ये घुसले आणि दुकानदाराचं मनगट धरलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझा हात झटकला आणि पळी दुकानात भिरकावली. बाकीचेही पांगले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर आईला हे मोठ्या फुशारकीनं सांगितलं. आम्ही तात्यापारा वस्तीतले जुने मराठी, मराठ्यांच्या राजवटीत इकडे आलेले. आई मात्र नागपूरकडची, आणि इतकी वर्षं रायपुरात काढूनही तिची बोली तशीच राहिलेली. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू काहून गेली समोर? तुह्या हापिसातले माणसं काय करून राहिले होते?"

"आई, बाईवर कोणी हात उचलत नाही."

"कोनं सांगतलं तुले? बाईवरच त उचलते माणसं हात. दुसऱ्या कोनावर उचलाची हिंमत असते का त्याईची?"

मी हसले. आईचं सगळंच बोलणं असं वाकडं असतं, असं तेव्हा वाटायचं.

राज्य नवीन होतं आणि त्याची राजधानी शहराबाहेर शेतांतून उभी राहत होती. रुंद रस्ते आधी आले, मग कचेऱ्या, मग मंत्रालय, आणि या सगळ्यांना जोडणारी आमची केबल जमिनीखालून. जिथे खणायला जावं तिथे भांडण. कुणाचं कुंपण पडायचं, कुणाची गटार फुटायची, कुणाच्या देवाच्या चौथऱ्याला तडा जायचा. लोक काठ्या घेऊन यायचे, फावडी घेऊन यायचे. आमची माणसं दोन पावलं मागे सरकायची आणि ठरलेला आवाज यायचा, मॅडम को आगे करो. एकदा एक जण कुऱ्हाड घेऊन धावत आला. माझ्यासमोर येऊन थबकला, कुऱ्हाड आमच्या केबलच्या रिळात हाणली आणि तिथेच बसून ढसाढसा रडला. एकदा एका पोरगेल्या गड्यानं मारलेला दगड माझ्या कानाला चाटून गेला, तर त्याच्या काकानं त्यालाच लाथांनी तुडवला, बाईवर दगड मारतोस म्हणून. तो तोंडातून रक्त गळेपर्यंत मार खात होता आणि मी अब्रू वाचलेल्या माणसाच्या ऐटीत बघत उभी होते.

हापिसात माझा भाव वधारला. साहेब पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "पब्लिक हँडलिंग में इनका जवाब नहीं." सगळ्यांत अवघड तुटलेली तार मी जोडली होती, ते कुणाच्या तोंडी नसायचं. मी बढती घेत गेले आणि नव्या राजधानीच्या संपूर्ण लाइनची प्रमुख झाले. महिला दिनाला मला स्टेजवर बसवलं, गुच्छ दिला, पाठीमागच्या फलकावर महिला नेतृत्वाबद्दल काहीतरी मोठ्या अक्षरांत होतं. मी मेहनतीवर भाषण ठोकलं. टाळ्या सगळ्यांत जोरात भैयानं वाजवल्या.

त्याच सुमारास भिलाईची एक पोरगी आमच्याकडे लागली. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, अंगानं काडी, पण हात असा स्थिर की आमचे अनुभवी लोक चष्मा शोधेपर्यंत तिची तार जोडून झालेली असायची. नव्या रायपुरात सर्व्हरांची ती थंडगार इमारत आहे, डेटा सेंटर, ती चालवायची एवढंच तिच्या डोक्यात होतं. "मॅडम, एक दिन वो पूरा मेरे हाथ में होगा," असं ती चहा पिताना सहज म्हणायची. मला ती फार आवडायची. माझ्यानंतर हीच, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

मग तो उन्हाळा आला. राजधानीच्या कडेला चेपून उरलेल्या एका गावाजवळून आमची लाइन जात होती. शेतं त्यांची आधीच रस्त्याखाली गेलेली. आमच्या यंत्रानं जमिनीखालून भोक पाडताना त्यांची पाण्याची पाइपलाइन फोडली. ती दुरुस्त करणं आमच्याकडे येत नाही, असं कंपनीनं कळवलं, आणि मी ते वाचून पुढच्या कामाला लागले. गावाचे नळ कोरडे पडले. आम्ही पुन्हा यंत्र लावायला गेलो तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर उभं होतं.

भैयानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो माझ्या पलीकडे बघत पोरीला म्हणाला, "छोटी मॅडम, आप आगे हो जाइए." चहा सांगावा तसं. ती निघालीसुद्धा. मी तिची ओढणी धरून तिला मागे खेचलं आणि स्वतः गेले.

समोरून या वेळी बाया आल्या. त्यांचे पुरुष मागे बाभळीच्या सावलीत हाताची घडी घालून उभे होते. इतके दिवस आम्ही जे करत होतो ते बघून ते शिकले होते. बाईनं बाईला मारलं तर पोलीस तोंड फिरवतात, हे त्यांनाही कळलं होतं.

एकीनं विचारलं, "पानी कब आही?" मी नेहमीच्या सुरात सुरुवात केली की कंपनी बघते आहे. वाक्य पुरं व्हायच्या आत तोंडावर थप्पड बसली. दुसरीनं केस धरून मला खाली वाकवलं. पाठीत, बरगड्यांत लाथा बसायला लागल्या. पाणी भरायचे स्टीलचे रिकामे गुंड, म्हणजे हंडे, होते त्यांच्याकडे, त्यातला एक भुवईवर बसला आणि डोळ्यात रक्त उतरलं. मीही काही गाय नव्हे. हाताला लागलेल्या पायाला मी चावले, एकीच्या पोटात कोपर घातलं, एकीच्या बांगड्या माझ्या मुठीत फुटल्या आणि काचा माझ्याच तळव्यात शिरल्या. धुळीत लोळताना पायांच्या मधून मला दोन्हीकडचं दिसत होतं. इकडे भैया मोबाइल धरून व्हिडिओ काढत होता. तिकडे बाभळीखालीही एक जण तेच करत होता.

माझे केस धरलेली बाई धापा टाकत वाकली आणि माझी पुरुष माणसं कुठे आहेत ते विचारू लागली, "तोर आदमी मन कहां हें?"

"तेरे कहाँ हैं?" मी म्हटलं.

तिनं एकदा मागे वळून पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे वळली आणि आधीपेक्षा जोरात मारलं. तिचा राग आता दुप्पट झाला होता आणि त्याला दुसरी जागा नव्हती.

तेवढ्यात पोरगी धावत आली आणि माझ्या अंगावर आडवी पडली. पुढचा गुंड तिच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी कानाशी ऐकला. आम्हाला कुणी सोडवलं नाही. त्या दमल्या, म्हणून थांबल्या.

दवाखान्यात साहेब फळं घेऊन आले. माझ्या भुवईला टाके पडले होते, पलीकडच्या खाटेवर पोरगी हात गळ्यात बांधून बसलेली. साहेब म्हणाले, यंत्राला ओरखडासुद्धा आला नाही, हे तुमच्यामुळे. आता आपण एक कायमची लेडीज टीमच करू, असल्या ठिकाणी तीच पुढे जाईल. तुम्ही तिच्या हेड. मी पिशवीतलं सफरचंद काढलं आणि त्यांच्या छातीवर हाणलं. दुसरंही हाणलं. ते दारापर्यंत उलटं चालत गेले आणि तिथून म्हणाले की मला विश्रांतीची गरज आहे.

विश्रांती म्हणून मला नव्या रायपुरातल्या आमच्या कचेरीत पडद्यासमोर बसवलं, लाइन चालू आहे की बंद ते बघत. प्लास्टर निघाल्यावर लेडीज टीम पोरीला देऊ केली. मी तिला सांगितलं, घेऊ नकोस. तिनं शांतपणे विचारलं, "आपको भी तो ऐसे ही मिला न मॅडम? तार जोड़कर यहाँ किसको क्या मिला?" तिला कुचकट बोलता येत नव्हतं, ती खरंच विचारत होती. तिनं ती जागा घेतली.

पुढे तिचा फोन आला तो भर दुपारी. त्याच गावातून. पाइपलाइन अजून फुटलेलीच होती.

"मॅडम, वो औरतें आ रही हैं. बहुत सारी हैं."

"पीछे आ जा. गाडी में बैठ और निकल."

मग ती म्हणाली, "पीछे अपने ही लोग खड़े हैं, मॅडम. रास्ता नहीं दे रहे."

फोन बंद झाला. मी कचेरीच्या गाडीची किल्ली उचलली. त्या रस्त्यांवर एरवी बससाठी तासन्‌तास उभं राहावं लागतं म्हणून मी त्यांना शिव्या देते, त्या दिवशी ते रिकामे होते ते बरं झालं. मी आयुष्यात कधी तशी गाडी हाकली नाही. एवढंच डोक्यात होतं की तिचा तो हात आत्ताच जुळलाय.

लांबूनच दिसलं. आमची माणसं खांद्याला खांदा लावून भिंतीसारखी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. पलीकडे बायांचा घोळका, आणि मध्ये जमिनीवर तिचा पिवळा कुर्ता. मी हॉर्नवर हात दाबून धरला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. भैयानं उडी मारली. एक जण चरात कोसळून किंचाळला. कुणाच्या तरी कोपराला लागून गाडीचा आरसा तुटून पडला. बाया दचकून बाजूला झाल्या, पण एकीनं पोरीला सोडलं नाही. मी उतरले, पाण्याची स्टीलची बाटली त्या बाईच्या बोटांवर मारली, पुन्हा मारली, बोटं सुटेपर्यंत. माझं तिच्याशी काही वैर नव्हतं, तरी मारलं. पोरीचा ओठ फाटला होता आणि एक डोळा मिटला होता. दुखरा हात ती छातीशी धरून होती. तिला काखेत धरून मी गाडीत टाकलं आणि दार ओढून घेतलं.

भैया काचेवर थापा मारत होता. "मॅडम, इसको ले जाओगे तो आगे कौन जाएगा?"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो मला उलटून बोलत नव्हता, अगदी मनापासून विचारत होता. मी काच खाली केली.

"आप," मी म्हटलं, आणि गाडी मागे घेतली.

मागे जाताना समोरच्या काचेतून सगळं दिसत होतं. आमची माणसं आणि त्या बाया यांच्यामध्ये आता कुणी नव्हतं. भैयानं पुढे करायला कुणी सापडतं का म्हणून मागे पाहिलं, तर त्याच्या मागचे एकेक पाऊल मागे सरकत होते. सगळ्यांत पुढच्या बाईनं गुंड उचलला.

"मॅडम, भैया को मारेंगे वो लोग," पोरगी फाटक्या ओठानं म्हणाली.

"हव," मी आईच्या बोलीत हो म्हटलं, आणि गाडी वळवून तिला दवाखान्यात घेऊन गेले.