मुलूखगिरी आणि नवा सदरा

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घराण्यात एके काळी मोठमोठ्या मुलूखगिऱ्या झाल्या. लूट मात्र बहुधा एक डांगर किंवा दोन पेरू एवढीच असे.

शब्द वडिलांनी घरात आणला. 'मुलूख' अरबीतून आलेला, 'गिरी' हे फारसी शेपूट, असं ते ऐटीत सांगत. दसऱ्याला शीव ओलांडायची, परमुलखात घुसायचं, खंडणी घेऊन परतायचं, ती मुलूखगिरी. घोडे गेले, फौजा गेल्या, शब्द उरला. तो त्यांनी माझ्या थोरल्या भावाला चिकटवला. भाऊ धुळीने माखून दारात आला की विचारत, "काय सरदार, कोनता मुलूख मारी उनात?" आई त्याला खोटंखोटं ओवाळायची आणि मगच आत घ्यायची.

त्या दसऱ्याला तापी अजून फुगलेली होती. भावाने ठरवलं, आपट्याचं सोनं आणायचं ते पलीकडच्या, शहाद्याच्या काठावरचंच. होडीवाला नाही म्हणाला. मग भावाने गुऱ्हाळातली काहील ओढत आणली. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई. अडीनडीला लोक तीत बसून नदी ओलांडत, पण समोरासमोर दोघं बसले तरच तोल राही.

दुसरा मी. तेव्हा आम्हा दोघांनाही मिसरूड फुटलेलं. मी सणाचा नवा, पांढरा सदरा घातला होता.

"चाल, बस," भाऊ म्हणाला.

"सदरा वल्ला व्हई."

"मंग नवरदेव, तू काठवरच ऱ्हाय."

तो हसला. माझ्या जागी त्याने एक धोंडा ठेवला आणि निघाला. मध्यावर काहील कलली तसा धोंडा त्याच्याच बाजूला गडगडला. तिसऱ्या दिवशी काहील खालच्या वळणावर सापडली. भाऊ सापडला नाही.

वडिलांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. आई दर दसऱ्याला मला ओवाळायची. पण कुंकू लावण्याआधी माझी बाही चिमटीत धरून पाहायची. मला वाटे, मीही नदीत उतरलो नाही ना, याची ती खात्री करते. कितीतरी वर्षं मी हसत हात पुढे केला. एकदा लाडात येऊन म्हणालोही, "माय, कोरडा शे, देख."

तिच्या हातातलं ताट थांबलं. माझ्याकडे न बघताच ती बोलून गेली, "त्या दिनबी कोरडाच व्हता."