आबांची पांढरी माती

माती दिसली की जिभेला लावल्याशिवाय माझ्या वडिलांना, आबांना, राहवत नसे. मंगरूळपीरच्या शाळेत ते शिकवीत, पण जीव सगळा मातीत. आसेगावला विहीर खणताना पांढऱ्या मातीचा थर लागला, तशी आबांनी गाडीभर माती घरी आणली. "कपबशा होतात ना, त्या चिनी मातीची सख्खी बहीण आहे हे!" त्यांनी जाहीर केलं.

मग घरातली भांडी मातीच्या कामाला गेली. माती पाण्यात कालवायची, रेती तळाशी बसली की वरचं दुधाळ पाणी धोतरातून गाळायचं, निवळू द्यायचं, उरलेला गाळ वाळवायचा. त्याची टिकली करून चुलीत भाजायची. ती लालसर निघाली की आबा म्हणत, "लोखंड आहे अजून. पुन्हा धुवा." आई फणकारायची, "एवढं लेकरायले धुतलं असतं तर!"

अशातच केनवडचे तात्या आपल्या मुलासाठी मला पाहायला आले. प्रवासात त्यांचं पोट बिघडलेलं. आल्या आल्या ते परसाकडे पळाले. परतले ते ओसरीवर निवळायला ठेवलेला दुधाळ पाण्याचा पितळी गंज पाहून, "वा, ताक!" म्हणाले आणि पेला बुडवून घटाघटा प्यालेसुद्धा.

"अवो, पाव्हण्यानं तुमची माती पेली!" आई ओरडली.

दाराआडून मी पाहत होते. जमत आलेलं लग्न त्या पेल्यात बुडालं होतं. आबा मात्र पाहुण्यापुढे उकिडवे बसले.

"जिभेले चिकटली काय?"

"चिकटली," तात्या घाबरून म्हणाले.

"दाताखाली रेती?"

"नाही."

"मंग शुद्ध झाली!" आबांनी मांडीवर थाप मारली.

तात्या रागानं गाडी जुंपायला सांगणार, तेवढ्यात थबकले. पोटावर हात ठेवून कानोसा घेतल्यासारखं केलं. पोट गप्प होतं. दिवेलागणीपर्यंत गप्पच राहिलं. जेवताना त्यांनी भाकरी मागून घेतली आणि म्हणाले, "मास्तर, पोरगी पसंत आहे. अन् ते ताक थोडं संगं द्या."

कपबशी आबांना कधी साधली नाही. पहिलाच कप भट्टीत तडकला. पण लग्न झालं.

पाठवणीच्या वेळी ते गाडीमागे धावत आले. डोळे भरलेले. माझ्या हातात एक पुरचुंडी कोंबून म्हणाले, "सासऱ्याचं पोट बिघडलं तर दे." मग कानाशी वाकले.

"अन् तुले वाकडं बोलले, तर देऊ नको."