सगळं तुमच्याच हातात

सत्तरच्या दशकात थेरगावच्या आरोग्यकेंद्रातर्फे मी घरोघर फिरून फॉर्म भरायचे. एकदा वरून एक साहेब आले. म्हणाले, आपल्या तब्येतीचा कारभार आपल्या हातात आहे असं बायकांना किती वाटतं, ते मोजायचं. एक ते पाच गुण. मी मान डोलावली. पगार त्याचाच होता.

आलेल्या माणसाला विन्मुख पाठवायची गावात रीत नव्हती. "उपचाराचा निर्णय तुम्ही स्वतः घेता का?" असं सुनेला विचारलं की सासू आतून सांगायची, "घेती की. लिवा पाच." सुनेनं तोंड उघडायच्या आत पाच पडलेले असत, वर चहा. आठवड्यात अख्खं गाव स्वतंत्र झालं. साहेब खूश.

एका घरी मात्र सासू शेतावर गेली होती. सून पांढरीफटक. तीन महिन्यांपूर्वी आमच्याच केंद्रात तिला मूल लांबवायची तांबी बसवली होती, तेव्हापासून अंगावरून जायचं थांबत नव्हतं.

"काढायला केंद्रात दोनदा आले मी, बाई. नवऱ्याची सही आना म्हनत्यात. आन् ह्यांना कंपनीतल्या युनियननं सांगितलंय, कुठल्याबी कागदावर सही करायची न्हाई."

मी काय करावं? फॉर्म पुढे केला.

"पाच दिले तर काढतील का?" तिनं विचारलं.

"बघू," मी म्हणाले. त्या 'बघू'ची मला आजही लाज वाटते. तिनं सगळीकडे पाच दिले.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात हजर. डॉक्टरांना म्हणाली, "समदं माझ्याच हातात हाय, असं बाईंनी लिवलंय. मग काढा."

डॉक्टरांनी तिचा फॉर्म कौतुकानं पाहिला. "छान. नवऱ्याची सही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला डॉक्टरांचा, साहेबांचा आणि सगळ्यात जास्त माझाच संताप आला. "मालक बाहेर उभे आहेत, लाजतात," म्हणत मी संमतीचा कागद व्हरांड्यात नेला आणि तिच्या नवऱ्याची सही ठोकून दिली. डॉक्टरांनी ती धड पाहिलीही नाही. तांबी निघाली.

जाताना ती हळूच म्हणाली, "बाई, माझे पाच खोडा. एक लिवा."

मी एक लिहिला. साहेबांनी फॉर्म तपासले, तेव्हा गावातला तो एकुलता एक त्यांच्या डोळ्यात खुपला. लिहिणाऱ्याची चूक, असा शेरा मारून त्यांनी लाल शाईनं पुन्हा पाच केले.