बासनाची पूजा

अड्याळजवळच्या त्या मालगुजार घराण्यात मी सून म्हणून गेले आणि देवाच्या पाया पडून होते न होते, तोच मला एका बासनाच्या पाया पडायला लावलं. तांबड्या कापडात बांधलेले, सासऱ्यांच्या आजोबांच्या हातचे मोडीतले कागद. गावचा तलाव त्यांनीच खोदवला आणि त्याची सगळी हकीकत त्यात लिहिली आहे म्हणे. म्हणे, कारण वाचून कुणीच दाखवलं नव्हतं.

दरवर्षी दसऱ्याला सासरे बासन सोडत, कागदांवर हळदकुंकू वाहत, वाटीतलं पाणी शिंपडत, ओल्या अक्षता टाकत आणि तसंच बांधून धानाच्या कोठीत ठेवून देत. कोठीत! उंदरांची तर चंगळच. शाई पसरायची, कोपरे कुरतडलेले निघायचे, आणि सासरे दरवर्षी नव्यानं हळहळायचे, "काय उंदीर माजले यंदा!" माझं डोकंच फिरायचं.

"मामाजी, पाणी नका शिंपडू. कागद आहेत ते."

"मंग का कोरडी पूजा करू? आजोबा आहेत ते."

"मग वाचून तरी दाखवा, मी उतरून घेते."

"वाचाले नाही बाई, पूजाले आहेत ते."

घरात मोडी फक्त त्यांनाच येते, असं सगळे सांगत. ते गेले की सगळं संपलं, या धास्तीनं मी दर दसऱ्याला हट्ट धरायची. माझी पोरं शाळेत जायला लागली, ऐंशी साल मागे पडलं, गावात टीव्ही आला, उत्तर तेच.

शेवटी एका दसऱ्याला मी वही-पेन घेऊन समोर बसलेच. वाचल्याशिवाय बासन बांधू देणार नाही म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, एक कागद उचलला, घसा खाकरला. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिच्याखाली लिहितात, एवढं मला वडिलांमुळे ठाऊक होतं. सासऱ्यांच्या हातातल्या कागदावर रेघा अक्षरांच्या खाली होत्या.

मी कागद सुलटा करून दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"मले नाही येत," ते हळूच म्हणाले. "बाबालेबी येत नव्हतं. त्यायनं पूजा शिकवली, मी पूजा केली."

इतका संताप आला की रडूच फुटलं. एकदा सांगितलं असतं, तर भंडाऱ्याहून कुणी जाणकार बोलावला असता. आता निम्मे कागद उंदरांच्या पोटात. मी पाण्याची वाटी उचलली आणि तुळशीत ओतून आले. या खेपेला त्यांनी अडवलं नाही.