जिनात निजलेला सखादादा

माझ्या थोरल्या चुलतभावाला, सखादादाला, तो झोपेत असताना मी काठीने मारलं. त्यात त्याचा उजवा हात गेला. मालकाला मी सांगितलं, चूक त्याचीच.

मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या राज्यातून, वऱ्हाडात आलो तेव्हा मी विशीत होतो. सरहद्दीवरच्या कनेरगावच्या नाक्यापर्यंत पोचवायला दादाच आला होता. आई वेशीपाशीच थांबली. "दुपारी दोन घास खाऊन आडवा व्हत जा," एवढंच म्हणाली.

आमच्याकडे भाकर खाल्ली की सारं शिवार बाभळीखाली निजायचं. त्याला आळस कुणी म्हणत नसे. निजलेल्याला ओलांडायचं नाही, हाक मारायची नाही. पाटीलसुद्धा लांबून खाकरायचा आणि वाट बघायचा. वाशिमच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, पहिल्याच आठवड्यात माझा डोळा लागला, तर मुकादमाने कानशिलात दिली. तोंडात रक्त आलं. दहा वर्षांनी मीच मुकादम झालो. डुलकी घेणाऱ्याच्या नडगीवर काठी हाणायची, म्हणजे तो पुन्हा बसत नाही, हे मी अभिमानाने सांगायचो.

अठ्ठेचाळीसच्या आरंभी गावावर रझाकारांची धाड पडली. घरं जाळली, दोघांना कुऱ्हाडीने तोडलं. दादा बायको-लेकरं घेऊन नाक्याअलीकडे आला. मीच त्याला कामाला लावलं. कित्येक दिवस त्याच्या डोळ्याला डोळा नव्हता. कामाच्या तिसऱ्या दुपारी तो कापसाच्या बोचक्याला टेकून निजला.

"तुमचे पाहुणे निवांत आहेत, मुकादम," दिवाणजी हसून म्हणाले आणि ऑफिसात गेले. सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी पाठीत दोन हाणल्या, नडगीवर एक.

"पळा रे, आले!" ओरडत दादा उठला आणि झोपेतच धावला, तो थेट यंत्राच्या चालत्या पट्ट्यात. यंत्राच्या घरघरीतही हाडं मोडलेली ऐकू आली. कापूस लाल झाला. मालक आले. मी म्हणालो, पट्ट्यापाशी झोपला होता. संध्याकाळच्या आत दादाला काढून टाकलं. मजूर माझ्या काठीला भ्यायचे, कुणी बोललं नाही. दादाही बोलला नाही.

मोगलाई संपली, तो गावी परतला. आलेले-गेलेले सांगायचे, लोक त्याला 'झोपाळू' म्हणतात, झोपेपायी हात घालवला म्हणून हसतात. तरी तो माझं नाव घेत नव्हता. गाव म्हणजे माझ्यासाठी तेवढंच उरलं: माझं खोटं जिथे खरं म्हणून नांदत होतं ती जागा.

दिवाळीनंतर मी गेलो. दादा डाव्या हाताने बैलाचं दावं सोडवू बघत होता. मी पारावरच्या माणसांना बोलावून आणलं.

"कशापायी गर्दी करून राहिला?" दादा म्हणाला. "जाऊ दे की."

"न्हाई दादा," मी म्हणालो. "ऐका समदे. ह्याचा हात झोपेनं गेला न्हाई. ह्याला मी मारलं, अन् मालकापुढं खोटं बोललो. दादा, माफी मागायला मला तोंड न्हाई. तरी मागून राहिलो."