शंभरच्या खाली

माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा, मला राग आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. माणूस चुकतो, हे मला कळतं. पण चूक दाखवल्यावर जो दाखवणाऱ्यावरच डोळे वटारतो, त्याला मी माफ करत नाही.

लेक तेव्हा दीड वर्षाची. कामरगावात सोयाबीनची मळणी चाललेली, नवरा शेतात आणि फोन उचलत नव्हता. दुपारी लेकीनं दूध ओकलं आणि माझ्या खांद्यावर मान टाकली. सासूबाईंनी तिच्या पोटाला हात लावला.

"लेकरू तव्यावानी तापलं. जीप बोलवा, कारंजाले न्या."

जीप बोलवायची तर भासऱ्यांना विचारायचं, ही घरची रीत. ते आतून नवा थर्मामीटर घेऊन आले. त्यांनी ऑनलाइन मागवलेला, म्हणून दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लेकीच्या काखेत धरला, तो वाजला.

"एकोणचाळीस," ते म्हणाले. "ताप शंभरच्या वर असते. हे तं लय खाली हाय. जीप कायले?"

सासूबाईंचा तो घरातल्या सगळ्या लेकरांचे ताप ओळखलेला हात, पण आकडा ऐकून त्यांनी तो मागे घेतला. मला त्यांचाही रागच आला.

शाळेत आमचे विज्ञानाचे सर आकड्यापुढे एकक नसलं की अख्खं उत्तर कापायचे. "एकोणचाळीस काय? मिरच्या?" असं वर्गासमोर विचारायचे. तेव्हा मी त्यांच्या नावानं बोटं मोडायची. त्या दुपारी मात्र तोच प्रश्न डोक्यात आला. भासऱ्यांच्या हातून थर्मामीटर ओढून घेतला. आकड्याशेजारी बारीक C होता. सेल्सिअस. आणि आमच्याकडे सगळे ताप मोजतात फॅरनहाइटमध्ये. एकातून दुसऱ्यात जायचं सूत्र काही केल्या आठवेना. म्हणून सरळ माझ्याच काखेत लावला. साडेछत्तीस.

"मी धडधाकट, तरी साडेछत्तीस. लेकरू एकोणचाळीस. मंग ताप कोणाले हाय, भाऊजी?"

"मशीन बिघडलं असंन. दोन बुकं शिकली म्हणून मले शिकवू नोको."

घडीभरापूर्वी त्याच मशीनचा शब्द देवाचा होता. पालथ्या घड्यावर पाणी ओतत बसायला मला वेळ नव्हता. लेकीला उचललं आणि स्टँडवर जाऊन मिळेल त्या जीपमध्ये बसले. वाटेत तिला झटका आला, डोळे पांढरे झाले. कारंजाच्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "इतका वेळ काय करत होता?" लेक वाचली.

गेल्या पावसाळ्यात भासरे बाजेवर गोधडी घेऊन कुडकुडत होते. तोच थर्मामीटर मी त्यांच्या काखेत लावला.

"किती हाय?"

"एकोणचाळीस. शंभरच्या लय खाली."

"जीप बोलाव."

"कायले? ताप कुठं हाय?"

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. लेक दारात दप्तर घेऊन उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलं.

"सेल्सिअसमधी हाय ते," ते पुटपुटले.

म्हणजे त्यांना कळलेलं होतं, आणि इतक्या वर्षांत ते एकदाही बोलले नव्हते. मी जीप बोलावली. सोबत गेले नाही.